पंचाची मजुरी

हिवाळा लागला, कापसाच्या दोन वेचण्या उरकल्या की आमच्या ताडकळसच्या पट्ट्यात स्पर्धांचे फलक झळकू लागतात. कुठे टेनिस बॉल क्रिकेट, कुठे कबड्डी, कुठे व्हॉलीबॉल. फलकावर वर पुढाऱ्यांचे फोटो असतात. खाली प्रथम, द्वितीय, तृतीय बक्षिसाची रक्कम असते. सामनावीर, मालिकावीर, उत्कृष्ट झेल यांची बक्षिसे असतात आणि ती कोणाच्या स्मरणार्थ कोणी दिली हेही लिहिलेले असते. मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला, चषक पुरवणारा दुकानदार, सर्वांचा कुठे ना कुठे उल्लेख होतो. पंचाच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते, की पंचांचा निर्णय अंतिम राहील. निर्णय अंतिम असलेल्या या माणसाला दिवसभर उन्हात उभे राहण्याचे काय मिळणार, हे फलक सांगत नाही. बहुतेक वेळा आयोजकांनाही ते ठाऊक नसते. दुपारचे जेवण, शेवटी शाल-नारळ आणि टाळ्या, एवढ्यावर हिशेब मिटतो.

पंचाने पैसे घ्यावेत की फुकट काम करावे, हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. परंतु आमचे म्हणणे असे, की त्याच्या पोटात न्याय, मजुरी आणि सेवा या तीन मोठ्या गोष्टी दडलेल्या आहेत. मुस्लिम समाजात तर त्याला सवाबाचीही जोड मिळते. ‘खिदमत आहे, पैसे कसले मागता?’ हे वाक्य मशिदीच्या इमामापासून मैदानावरच्या पंचापर्यंत सर्वांनी ऐकलेले आहे. म्हणून या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार केला पाहिजे.

फुकट काम करावे असे म्हणणाऱ्यांची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडू. ते म्हणतात, पंच हा न्यायाधीश आहे आणि जो पैसे देतो त्याच्याकडे मन झुकते. आपल्या ‘पंच’ या शब्दामागे गावपंचायतीची जुनी परंपरा उभी आहे. मुन्शी प्रेमचंदांची ‘पंच परमेश्वर’ ही कथा १९१६ साली प्रसिद्ध झाली आणि उर्दू-हिंदी शाळांतून पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. तिच्यातला अलगू चौधरी पंचाच्या आसनावर बसतो आणि जिवलग मित्र जुम्मन शेख याच्या विरोधात, त्याच्या वृद्ध खालाच्या बाजूने निकाल देतो. पुढे जुम्मनवर पंच होण्याची पाळी येते, तेव्हा तोही मनातली अदावत बाजूला ठेवून अलगूला न्याय देतो. दोघांपैकी कोणीही दमडी घेतली नाही. मग आजच्या पंचाने का घ्यावी?

युक्तिवाद चांगला आहे. पण अलगू आणि जुम्मन यांनी एका झाडाखाली, एका प्रकरणाचा निवाडा केला आणि ते आपापल्या शेतावर गेले. आजच्या पंचाचे काम तसे नाही. कबड्डीचा एक सामना नियमाप्रमाणे घ्यायचा तर एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक अशी सहा माणसे लागतात. पुरुषांच्या सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन डाव होतात, आणि दिवसाला असे आठ-दहा सामने लागतात. चढाई करणाऱ्याचा श्वास, त्याच्या पायाची बोनस रेषा, पकड करणाऱ्याचा मैदानाबाहेर गेलेला पाय, हे सारे एका क्षणात पाहून शिट्टी वाजवायची. पुस्तकातले नियम पाठ करून, परीक्षा देऊन, वर्षानुवर्षे मैदानावर घासून हे कौशल्य येते. ज्या कामाला शिक्षण लागते, वेळ लागतो आणि अंग मोडते, ते काम काही फुरसतीतली पंचायत नव्हे.

मग पंच हाही मजूर ठरतो का? मजूर म्हणण्यात आम्हाला तरी कमीपणा वाटत नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा तरी ऐकली आहे. तिथे मजुराचे प्रकार सांगितलेले नाहीत. घाम शेतातला असो की मैदानातला, तो घामच.

दुसरे असे, की लोकांच्या कामासाठी पैसे घेणे म्हणजे इमान विकणे, ही समजूत आपल्या परंपरेला मान्य नाही. जकात हे तर निखळ धर्मकार्य. पण कुरआनने सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत जकात गोळा करणारे कर्मचारीही आहेत. म्हणजे गरिबांचा पैसा गोळा करणाऱ्या माणसाचे पोट त्याच पैशातून, उघडपणे आणि नियमाने चालावे अशी व्यवस्था खुद्द अल्लाहने केली. हजरत अबूबक्र (रजि.) यांचा किस्सा तर सर्वांना ठाऊक आहे. ते कापडाचे व्यापारी. खलिफा झाल्यावरही खांद्यावर कापड टाकून बाजाराकडे निघाले. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना अडवले, आणि बैतुलमालमधून त्यांच्या घरखर्चाची रक्कम ठरवण्यात आली. कारण साधे होते. खलिफा बाजारात बसला तर लोकांचे काम कोण करणार?

आता पैसे दिले नाहीत तर पंच निःपक्ष राहतो, या गृहीतकाकडे वळू. जेवण कोणाच्या घरचे? येण्या-जाण्याला मोटारसायकल कोणाची? शाल कोणाच्या हस्ते? ज्या माणसाला हक्काचे काही मिळत नाही, त्याला जे मिळते ते मेहरबानी म्हणून मिळते, आणि मेहरबानीचे ओझे मजुरीपेक्षा जड असते. मजुरी घेऊन माणूस मोकळा होतो. मेहरबानी घेतलेला माणूस पुढच्या स्पर्धेपर्यंत बांधला जातो. जकात वसूल करायला पाठवलेला एक कर्मचारी परत आला आणि म्हणाला, हा माल तुमचा आणि हा मला भेट मिळालेला. त्यावर पैगंबर (स.) मिंबरवर उभे राहिले आणि त्यांनी विचारले, की हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का? चौदाशे वर्षांपूर्वीचा हा सवाल आजच्या प्रत्येक पंचाला आणि आयोजकाला लागू आहे. ठरलेली मजुरी घेण्याला तिथे हरकत नव्हती, आक्षेप होता तो खुर्चीमुळे मिळालेल्या भेटीला.

क्रिकेटमध्ये हा सवाल फार वरच्या पायरीवरही उभा राहिला. पाकिस्तानचे पंच असद रौफ यांनी सट्टेबाजांकडून महागड्या भेटी स्वीकारल्याचा ठपका ठेवून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१६ मध्ये त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. त्यांनी आरोप नाकारले होते. खरे-खोटे अल्लाह जाणे, पण वादाचा विषय पुन्हा भेटच होता.

याचा अर्थ चांगले पैसे दिले की पंच प्रामाणिक होतो, असा मात्र कोणी घेऊ नये. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचा पंच टिम डोनाही याला भरघोस पगार होता. तरीही २००७ मध्ये त्याचे सट्ट्याचे प्रकरण उघड झाले आणि त्याला पंधरा महिन्यांची कैद झाली. जर्मनीत रॉबर्ट होयझर या फुटबॉल पंचाला सामने फिरवल्याबद्दल २००५ मध्ये दोन वर्षे पाच महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. त्यालाही सामन्याचे मानधन मिळतच होते. हाव पगाराने भागत नाही. तेव्हा मजुरीचे समर्थन ‘पैसे द्या म्हणजे तो चोरी करणार नाही’ अशा भाषेत करणे चूक आहे. तो पंचाचा अपमान आहे आणि ते खरेही नाही. मजुरी द्यायची ती त्याने काम केले म्हणून. त्याचा प्रामाणिकपणा विकत घेण्यासाठी नव्हे. प्रामाणिकपणा त्याच्याकडे आधीच असला पाहिजे, आणि तो नसेल तर त्याला शिट्टी देऊच नये.

निःपक्षपातासाठी पैशापेक्षा वेगळी तजवीज लागते. ती म्हणजे पंच दोन्ही बाजूंचा नसणे. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातल्या कसोटीत मुद्दाम दोन भारतीय पंच उभे केले गेले, व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या महाराष्ट्राचे पिलू रिपोर्टर. पाकिस्तानच्या मैदानावर भारताचे पंच ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट! यजमान देशाच्या पंचांवर होणारे आरोप थांबावेत, हा हेतू होता. पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तटस्थ पंचांची पद्धत आणली आणि २००२ मध्ये मानधनावर काम करणारे निवडक पंचांचे मंडळ नेमले. तटस्थ माणूस आणि त्याच्या कामाचे ठरलेले पैसे, या दोन्ही गोष्टी तिथे हातात हात घालून आल्या. कारण उघड आहे. पंच बाहेरगावचा हवा असेल तर त्याला भाडे द्यावे लागते. फुकटात मिळतो तो गावातला, म्हणजे बहुधा आयोजकांचाच माणूस.

फुकटच्या पद्धतीचा खरा तोटा आम्हाला इथेच दिसतो. पंचाने फुकट काम करायचे असे ठरले, की पंच कोण होऊ शकतो तेही ठरून जाते. ज्याचे पोट भरलेले आहे तोच. आपण म्हणतो, ही सेवा सर्वांसाठी खुली आहे. पण हातावर पोट असलेला तरुण, मग तो हमाली करणारा असो, गवंड्याच्या हाताखाली जाणारा असो की फळांचा गाडा लावणारा, कबड्डीचे नियम त्याला कितीही तोंडपाठ असोत, दोन दिवसांची रोजी बुडवून शिट्टी धरायला कसा येईल? त्याने आलेच पाहिजे म्हणणे जुलूम आहे, आणि तो आला नाही म्हणून त्याला सेवाभाव नाही म्हणणे हा दुसरा जुलूम.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. आमच्या उर्दू शाळांतल्या मुली आता खेळू लागल्या आहेत, आणि पालकांची पहिली विचारणा असते, की पंच बाई आहेत का? ही विचारणा रास्त आहे. पण बाई पंच आकाशातून पडत नाहीत. एखाद्या तरुणीने परीक्षा द्यावी, पूर्ण्याहून परभणीला जावे, सोबत घरचे कोणी न्यावे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतावे, हे किती दिवस चालेल? घरातले म्हणतील, यातून मिळते काय? दोनशे-चारशे का होईनात, हक्काचे रुपये हातात असले तर त्या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर असते. आमच्या मुली मैदानावर टिकायच्या असतील तर बाई पंचांची मजुरी हा त्यांच्या खेळाचाच एक भाग मानावा लागेल.

‘सेवा’ हा शब्द किती महाग पडतो, ते आम्हा शिक्षकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षे शिकवायचे पूर्ण, पण नाव सेवक आणि वेतनाला नाव मानधन. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन १८,००० रुपये व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचे धोरण आले आणि त्यातला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला. दरम्यान कितीतरी बी.एड. झालेल्या तरुणांची उमेद विनावेतन फळ्यावर खडू झिजवण्यात गेली. अंगणवाडीच्या बाईंचे नावही ‘सेविका’. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. इमामांना मोबदल्याचा हक्क आहे हेही त्याच न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले. वास्तविक ते आपल्या फिकहने आधीच मान्य केले होते. जुन्या हनफी फकीहांना इमामत आणि कुरआनच्या तालीमवर मोबदला घेणे पसंत नव्हते. परंतु पुढच्या काळातल्या हनफी उलेमांनी पाहिले, की पोटापाण्यामुळे माणसे हे काम सोडतील आणि मशिदी-मकतब ओस पडतील. म्हणून त्यांनी परवानगी दिली. इबादतीशी जोडलेल्या कामात ही मुभा असेल, तर कबड्डीच्या पंचाला ती का नसावी?

आता खरी अडचण. पगारदार शिक्षक, ज्याच्या घरात चूल नीट पेटते, त्याने पंचाचे पैसे घ्यावेत की नाही? सूरह निसाच्या सहाव्या आयतीत यतीमाच्या मालाचा सांभाळ करणाऱ्याविषयी सांगितले आहे, की सधन असेल त्याने दूर राहावे आणि गरजवंत असेल त्याने रीतीप्रमाणे घ्यावे. एवढ्यावर थांबलो तर उत्तर सोपे वाटते, की पगारदाराने नको म्हणावे आणि रोजंदाराने घ्यावे.

पण हदीसमध्ये याच्या शेजारी एक दुसरा प्रसंग आहे. अब्दुल्लाह बिन सअदी नावाचे एक सहाबी लोकांची कामे करीत आणि मोबदला नाकारीत. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, मी खाऊनपिऊन सुखी आहे, माझा मोबदला मुसलमानांसाठी सदका राहू द्या. हजरत उमर (रजि.) म्हणाले, असे करू नका. मलाही पूर्वी असेच वाटायचे. पण पैगंबर (स.) यांनी मला सांगितले, की न मागता, न लोभ धरता जे आले ते घे, आपले कर आणि मग हवे तर सदका कर. या प्रसंगामागचे शहाणपण आम्हाला असे दिसते. सुखवस्तू माणूस फुकट राबू लागला की त्याच्या शेजारच्या गरिबाची मजुरी मारली जाते. आयोजक म्हणतात, अमुक सर काही घेत नाहीत, मग तुला कशाला हवे? एकाचा त्याग दुसऱ्याच्या पोटावर येतो.

दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. फरक कोणाच्या मालातून घ्यायचे आहे, याचा आहे. पहिल्या ठिकाणी माल यतीमाचा आहे. तेव्हा पंचाने स्वतःला विचारावे, ही स्पर्धा यतीम आहे की सधन? जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुले चुन्याने मैदान आखतात, एका चेंडूवर दोन वर्ग खेळतात, बक्षीस म्हणून वह्या वाटल्या जातात. तिथे पगारदार शिक्षकाने हात आखडावा, हेच शोभते. पण जिथे पहिले बक्षीस पन्नास हजार आहे, कमान आहे, ढोल आहे, पुढाऱ्याचा पाहुणचार आहे, तिथे पंचानेच तेवढे यतीमासारखे उभे का राहावे? तिथे सर्वांनी ठरलेली मजुरी घ्यावी. ज्याला नको असेल त्याने घेऊन मग शाळेला चेंडू द्यावा, मलमपट्टीची पेटी द्यावी. हजरत अबूबक्र (रजि.) यांनीही असेच केले. बैतुलमालची रक्कम घेतली, आणि अखेरच्या दिवसांत ती परत करण्याची वसियत केली. परत करणे त्यांची मर्जी होती. देणे मात्र उम्मतची जबाबदारी होती आणि ती उम्मतने पार पाडली. आपला हक्क सोडण्याचा अधिकार हक्कदाराला असतो. देणेकऱ्याने तो परस्पर सुटला असे समजायचे नसते.

मजुरीबरोबर इज्जतही येते. अहिल्यानगरला २०२५ च्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकाल न पटल्याने शिवराज राक्षे या मल्लाने पंचांना लाथ मारली, आणि त्याला व महेंद्र गायकवाडला तीन वर्षांसाठी निलंबित करण्याचा निर्णय झाला. त्याआधी, जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेखच्या पराभवाचा निकाल वादात सापडला, तेव्हा पंचाला धमकी दिल्याची तक्रार पोलिसांत गेली. त्या वादात आपल्यापैकी पुष्कळांचे मन सिकंदरकडे होते, आणि मन असणे गुन्हा नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकंदरने फुलगावला गदा जिंकून उत्तर दिले, ते आखाड्यात दिले. विजेत्याला चांदीची गदा आणि मोटारगाडी मिळते, त्याच्या बातम्या छापून येतात. पंचाच्या वाट्याला शिव्या, धमकी आणि लाथ येते. जो माणूस फुकटात मिळतो त्याच्यावर हात उचलताना लोक दोनदा विचार करीत नाहीत. मजुरी ठरली, नेमणुकीचा कागद झाला, की पंच कोणाचा तरी नेमलेला अधिकारी होतो. त्याला संरक्षण मागता येते आणि त्यालाही जाब विचारता येतो. फुकट आलेल्या माणसाला उशिरा का आलास, नियम का चुकवलास, हे कोणत्या तोंडाने विचारणार?

म्हणून आमच्या भागातल्या मंडळांना आमचे सांगणे आहे. बक्षिसाची रक्कम ठरवण्याआधी पंचांची रक्कम ठरवा आणि ती फलकावर छापा. सर्व पंचांना, बाई असो की पुरुष, एकच दर द्या. पैसे सामन्यांपूर्वी मंडळाच्या खात्यातून द्या. कोण्या संघमालकाच्या किंवा देणगीदाराच्या हातून पाकीट देऊ नका. पंच शक्यतो दुसऱ्या गावचा बोलवा. शाल जरूर पांघरा, पण मजुरीच्या जागी नको. आणि ज्यांच्याकडे खरोखर पैसा नाही, त्यांनी तसे स्पष्ट सांगून मदत मागावी. मागितलेली मदत आणि गृहीत धरलेली फुकट मेहनत, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हजरत मूसा (अ.) मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचले, तेव्हा ते परके, थकलेले आणि उपाशी होते. दोन मुली आपली जनावरे अडवून बाजूला उभ्या दिसल्या. मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले आणि काहीही न मागता सावलीत जाऊन बसले. कुरआनमधला हा किस्सा सांगताना आपण बहुधा इथेच थांबतो आणि निःस्वार्थ सेवेची तारीफ करतो. पण किस्सा पुढे चालतो. त्यांतली एक मुलगी लाजत परत येते आणि सांगते, की तुम्ही आमच्या जनावरांना पाणी पाजलेत, त्याची मजुरी देण्यासाठी वडील तुम्हाला बोलावीत आहेत. मूसा (अ.) यांनी मागितले नाही आणि त्या बुजुर्गांनी बुडवले नाही. दोघांनीही आपापले कर्तव्य केले. आमच्या मैदानांवर न मागणारे पुष्कळ आहेत. बोलावून देणारे अजून व्हायचे आहेत.